स्प्रिंग बेअर: आधी सोललेली झाडं शोधा, मग अस्वल

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात स्प्रिंगमध्ये, म्हणजे एप्रिल-मे मध्ये, काळ्या अस्वलाची शिकार चालू असते, आणि पश्चिमेकडच्या टिंबरच्या (लाकडासाठी वाढवलेल्या जंगलांच्या) भागात ती ठेवण्यामागे एक जुनं कारण आहे ते म्हणजे झाडांचं नुकसान, अस्वलं झाडांची साल सोलतात. टॅग (शिकारीचा परवाना) घेणाऱ्या बऱ्याच जणांना हे ऐकून माहीत असतं, पण ते जातात मात्र जिथे अस्वल सहज दिसेल तिथे, म्हणजे एखाद्या मोठ्या क्लिअरकटसमोर (सगळी झाडं तोडलेल्या मोकळ्या जागेसमोर) गाडी लावायची, बायनॉक्युलर डोळ्याला लावायचं आणि बसायचं. अस्वल मिळतं तसं, नाही असं नाही. पण त्या अस्वलाने आयुष्यात एक झाडही सोललेलं नसेल, कारण सगळी अस्वलं झाडं सोलत नाहीत, आणि मग टिंबर वाचवायला शिकार केली असं म्हणण्यात काही अर्थ उरत नाही. जमीनमालकाला खरंच उपयोग व्हावा असं वाटत असेल तर पद्धत थोडी उलटी करावी लागते, तीच इथे लिहितोय.

आधी अस्वल हे का करतं ते समजून घ्या, कारण कुठे बसायचं ते त्यावरूनच ठरतं. गुहेतून बाहेर आलेलं अस्वल भुकेलं असतं, बेरी पिकायला अजून बराच वेळ असतो, आणि सुरुवातीला मिळतं काय तर गवत, क्लोव्हर, ओलसर जागेतलं स्कंक कॅबेज, मुंग्या वगैरे. नेमकं त्याच वेळी डग्लस फरमध्ये वाढ सुरू होते, सालीच्या आतल्या नव्या थरात साखर भरते आणि साल खोडापासून सहज सुटायला लागते. अस्वल नखाने बुंध्याशी साल धरून वर ओढतं, पट्टे बाजूला टाकतं आणि उघड्या पडलेल्या लाकडावरचा तो ओला गोड थर पुढच्या दातांनी खरवडून खातं. साल खात नाही हां, साल तशीच झाडाखाली पडलेली असते. डग्लस फर सगळ्यात जास्त, पण हेमलॉक आणि रेड सीडर पण सोडत नाही.

आता गंमत अशी की अस्वलाची आणि फॉरेस्टरची (मालकाचं जंगल सांभाळणाऱ्याची) आवड एकच आहे. साधारण १५ ते ३० वर्षांची, जोरात वाढणारी, नुकतंच थिनिंग (मधली झाडं तोडून विरळ करणं) झालेली, खत घातलेली झाडं. थिनिंग केलं की उरलेल्या झाडाला उजेड मिळतो, पानं वाढतात, साखर जास्त तयार होते, म्हणजे ज्या प्लॉटवर मालकाने पैसे घातलेत तोच प्लॉट अस्वलाला पहिला आवडतो. एक अस्वल दिवसाला ६०-७० झाडांपर्यंत सोलू शकतं असं नोंदलेलं आहे, रोज तेवढी नाही पण सोलू शकतं. साल पूर्ण गोल निघाली तर झाड मेलंच. अर्धवट निघाली तर झाड जगतं पण वाढ मंदावते, उघड्या जखमेतून बुरशी आणि किडे आत जातात, आणि जखम असते कुठे तर खालच्या तीन ते पाच फुटात, म्हणजे सगळ्यात महागडा जो बुडाचा ओंडका असतो तिथेच. काही वेळा अस्वल वर चढून उंचापर्यंत पण सोलतं पण ते कमी.

नियम (हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका)

ओरेगनमध्ये स्प्रिंग सीझन बहुतेक भागात १ एप्रिल ते ३१ मे असतो, टॅगसाठी अर्जाची शेवटची तारीख १० फेब्रुवारी, म्हणजे बर्फ पडत असतानाच ठरवावं लागतं. युनिटप्रमाणे (शिकारीच्या विभागाप्रमाणे) नियम वेगळे असतात आणि दर वर्षी काही ना काही बदलतं त्यामुळे त्या वर्षीचं ओरेगन डिपार्टमेंट ऑफ फिश अँड वाइल्डलाइफचं रेग्युलेशन डाउनलोड करून फोनमध्ये ठेवा, मित्राने सांगितलं म्हणून काही करू नका. बेट (आमिष) टाकून किंवा कुत्रे सोडून अस्वलाची शिकार इथे १९९४ च्या मेझर १८ (मतदारांनी मंजूर केलेला कायदा) पासून बंद आहे. यात एक बारीक गोष्ट आहे, नुकसान करणारं अस्वल काढण्यासाठी जमीनमालकांना कायद्यात वेगळी वाट आहे आणि त्यात कुत्रे आणि बेट दोन्हीला सूट आहे, पण ती डॅमेजच्या तरतुदीखाली. तुमच्या खिशात साधा स्प्रिंग टॅग असेल तर ती सूट तुमची नाही. एखाद्या मालकाने झाडं वाचवायला पेलेट्सचे (खाद्याच्या गोळ्यांचे) फीडर ठेवले असतील, काही ठिकाणी ड्रममध्ये असे गोड पेलेट्स ठेवतात, तर त्याच्या आसपास बसायचंच नाही, ते बेटवर शिकार केल्यासारखंच होईल.

एक वर्षाच्या आतलं पिल्लू मारणं बेकायदा, आणि असं पिल्लू बरोबर असलेली मादी मारणं पण बेकायदा. यावर खाली वेगळं लिहिलंय कारण स्प्रिंगमध्ये सगळा जीव त्यातच आहे.

शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्यांसाठी एवढंच की तिकडे ही शिकार आता नाही. बेट आणि कुत्रे तिकडे १९९६ च्या इनिशिएटिव्ह ६५५ ने (तोही मतदारांचाच कायदा) बंद झाले, स्प्रिंगची परमिट शिकार मात्र चालू होती, मग नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याच्या वन्यजीव कमिशनची मतं ४-४ अशी अडकली आणि पुढच्या वर्षीचा सीझन लटकला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५-४ ने हौशी शिकाऱ्यांसाठीचा स्प्रिंग सीझन संपवायचं ठरलं. नुकसान करणाऱ्या अस्वलासाठी टिंबर मालकांना परमिटची वेगळी पद्धत तिथे आहे, पण ती मालकाने डिपार्टमेंटकडे मागायची असते, आपण टॅग घेऊन जायची गोष्ट नाही. विरोध करणाऱ्यांचं मुख्य म्हणणं दोन होतं, एक म्हणजे मादी मेली की पिल्लं अनाथ होतात, आणि दुसरं म्हणजे कुठलंही अस्वल मारून सोलणारं अस्वल कमी होतं याला पुरावा काय. मी शिकार करणारा माणूस आहे तरी मला दुसरा मुद्दा पटतो, आणि म्हणूनच खाली जे लिहिलंय ते असं लिहिलंय.

फॉरेस्टरला गाठा

प्रायव्हेट टिंबरलँडवर परवानगी लागतेच, काही मोठ्या कंपन्या पैसे घेऊन परमिट देतात, काही ठराविक दिवस गेट उघडतात, काही फक्त पायी जाऊ देतात. परमिट घेणं एक आणि फॉरेस्टरशी बोलणं वेगळं. बहुतेक लोक फोन करून विचारतात "तुमच्याकडे अस्वल आहेत का", आणि तो माणूस असे पन्नास फोन घेऊन कंटाळलेला असतो. त्याऐवजी विचारा की यंदा किंवा गेल्या वर्षी पील (साल सोलणं) कुठल्या स्टँडमध्ये (एकाच वयाच्या झाडांच्या प्लॉटमध्ये) झालंय, त्या स्टँडचं वय काय, थिनिंग कधी झालं, आणि मी तिथेच बसलो तर चालेल का. हे विचारलं की आवाज बदलतो बघा. कधी कधी ते मॅपवर ठिपके पण देतात. आणि चालू लॉगिंग कुठे आहे ते पण विचारून घ्या, ट्रक चालू असलेल्या रोडवर रायफल घेऊन फिरणं कुणालाच नको असतं.

पील वाचायला शिका

एप्रिल महिना मी तर म्हणतो चालण्यात घालवा, रायफल असू द्या बरोबर पण डोळे झाडांवर. ताजी पील लांबून पण कळते, लाकूड पांढरट-पिवळसर आणि ओलं चमकतं, हात लावला की चिकट, खाली पट्टे पडलेले असतात आणि ते अजून वाकतात, मोडत नाहीत. लाकडावर उभ्या समांतर खाचा दिसतात, ते दात. काही दिवसांनी रंग गडद होतो, राळ सुकून दगडासारखी होते, पट्टे कुरकुरीत होतात. गेल्या वर्षीची असेल तर करडं पडतं आणि कडेने झाड जखम भरायला लागलेलं असतं. हा फरक ओळखता आला की अर्धं काम झालं, कारण जुन्या पीलवर बसून काही होत नाही, नुसतं एवढं कळतं की हा स्टँड अस्वलाला आवडतो.

दुसऱ्या प्राण्यांशी गल्लत करू नका. साळिंदर वर चढून कुरतडतं आणि त्याचे दात बारीक असतात, एल्क आणि हरण शिंगं घासतात तेव्हा साल चिंध्या होऊन लोंबते पण दाताच्या उभ्या खाचा नसतात, माउंटन बीव्हर लहान रोपांच्या बुडाशी असतो. अस्वलाचं काम मोठं आणि अडाणी दिसतं, लांब पट्टे, आणि शेजारी शेजारी चार-पाच झाडं.

लाल शेंड्यांबद्दल एक. डोंगरावर मध्येच एखाद-दोन फर लालभडक दिसतात, लोक म्हणतात बघ अस्वल. असेलही, पण गोल सोललेलं झाड लगेच लाल होत नाही, सोलल्यानंतर बऱ्याच महिन्यांनी किंवा पुढच्या वर्षी रंग बदलतो, म्हणजे तो पत्ता जुना आहे. शिवाय मुळाच्या रोगाने मेलेलं झाड विमानातून तसंच दिसतं, हवाई सर्व्हेमध्ये ही गल्लत होत आलीय म्हणूनच जमिनीवर जाऊन बुंधा बघावा लागतो. लाल शेंडा दिसला तर तिथे चालत जा, बुंधा बघा, आणि मग आजूबाजूच्या हिरव्या झाडांवर ताजं काही आहे का ते बघा, कारण आवडता स्टँड अस्वल पुन्हा धरतं.

पीलशिवाय अजून काय बघायचं तर विष्ठा, स्प्रिंगमध्ये ती गवताची हिरवी-काळी असते, आणि जुन्या लॉगिंग रोडच्या मधोमध पडलेली असते कारण अस्वलालाही रस्त्यानेच चालायला आवडतं. उलटे केलेले दगड, फोडलेले कुजके ओंडके. ओल्या चिखलात पाऊल मिळालं तर पुढच्या पंजाची रुंदी मोजून ठेवा, पाच इंच आणि त्याच्या वर असेल तर मोठा प्राणी आहे.

कधी

हा भाग महत्त्वाचा आहे आणि इथेच टॅगचं आणि झाडाचं कॅलेंडर जुळत नाही. पील एप्रिलमध्ये थोडी सुरू होते, मे मध्ये वाढते आणि जूनमध्ये पण जोरात असते, बेरी पिकल्या की मग थांबते. सीझन संपतो ३१ मे ला. म्हणजे टॅगवाल्या माणसासाठी कामाचे दिवस शेवटचे दोन-अडीच आठवडे. एप्रिलच्या सुरुवातीला जी अस्वलं बाहेर दिसतात ती बहुतेक नर, उन्हाच्या दक्षिणेकडच्या उतारावर गवत खाणारी, त्यातली कोण पुढे सोलणार कोण नाही हे कुणीच सांगू शकत नाही. ट्रॉफी आणि मांस हवं असेल तर एप्रिल झकास आहे, कातडी पण दाट असते. पण टिंबरसाठी करायचं तर टॅग मे च्या मध्यापर्यंत हातात ठेवायचा धीर पाहिजे, आणि हा धीर फार थोड्या लोकांत असतो, पहिलं अस्वल दिसलं की बोट शिवशिवतं. मे अखेरीस नर मादीच्या शोधात खूप फिरायला लागतात हा एक फायदाच, पण मग स्टँडजवळ दिसलेलं अस्वल नुसतं वाटेवरचं पण असू शकतं, म्हणून एकदा दिसलं आणि मारलं असं न करता जमलं तर एक-दोन संध्याकाळ बघा, तेच परत येतंय का.

बसायचं कुठे

सोललेल्या स्टँडच्या आत बसू नका. पंधरा-वीस वर्षांच्या फरच्या प्लॉटमध्ये वीस यार्डच्या पुढे दिसत नाही, चालताना काटक्या मोडतात, आणि अस्वल तुमच्या आधी तुम्हाला पकडतं. बसायचं ते कडेला. नकाशावर ताज्या पीलचा ठिपका टाका, आणि त्याच्या अर्ध्या मैलाच्या आत गवत वाढलेला बंद स्पर रोड (लॉगिंगचा आडरस्ता), जुनं लँडिंग (ओंडके गोळा करायची मोकळी जागा), शेजारचा दोन-चार वर्षांचा क्लिअरकट, नाहीतर ओढ्याची ओली पट्टी शोधा. अस्वल फक्त झाडावर जगत नाही, पील आणि हिरवळ यांच्यामध्ये ये-जा करतं, आणि तुम्हाला ती ये-जा बघायची आहे. समोरच्या उतारावरून दोनशे यार्डच्या आसपास नजर पोचेल अशी जागा मिळाली तर सोनं.

संध्याकाळचे शेवटचे दोन तास सगळ्यात चांगले, सकाळी ऊन पडल्यावर पण हालचाल असते, हरणासारखं अगदी पहाटेच पाहिजे असं काही नाही. पाऊस पडून उघडलं की निघा. शिकारीची कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, आणि काळं अस्वल काळ्या सावलीत शेवटच्या दहा मिनिटांत म्हणजे नुसता ठिपका दिसतो, तेव्हा खात्री नसेल तर सोडून द्या.

वारा. अस्वलाला डोळे बरे आहेत, कान चांगले आहेत, पण नाक भयंकर आहे. डोंगरात संध्याकाळी हवा गार होऊन खाली उतरते आणि सकाळी ऊन लागलं की वर चढते, म्हणजे सकाळची जागा आणि संध्याकाळची जागा एकच असू शकत नाही. पावडरची छोटी बाटली ठेवा आणि सारखी उडवून बघत राहा. वारा फिरला तर उठून जा, हट्टाने बसून तो स्टँड आठवडाभर खराब करण्यात काय अर्थ.

हरणाच्या पाडसाच्या आवाजाचा तोंडाने वाजवायचा कॉल काही लोक वापरतात, मे अखेरीस चालतो पण, फक्त सतत वाजवावा लागतो, थांबलात की अस्वलाचं लक्ष उडतं. एकट्याने दाट झाडीत हे करू नका, येणारं अस्वल जेवायला येत असतं. आणि कॉलने आलेलं अस्वल पीलवालंच आहे असं काही म्हणता येत नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने या कामासाठी तो फार उपयोगाचा नाही.

ट्रिगरच्या आधी

अस्वल दिसलं. आता घड्याळ बघा आणि कमीत कमी अर्धा तास नुसतं बघा. पिल्लं जानेवारी-फेब्रुवारीत गुहेत जन्मतात, मे मध्ये ती एवढीशी असतात, उंच गवतात दिसतच नाहीत, आणि मादी खाताना त्यांना झाडावर चढवून ठेवते आणि स्वतः शंभर यार्ड लांब येते. म्हणजे एकटं दिसणारं अस्वल एकटं असेलच असं नाही. मादी सारखी मागे वळून एकाच दिशेने बघत असेल, आवाज करत असेल, त्या दिशेची झाडं बायनॉक्युलरने वरपर्यंत तपासा. गुहेतून सगळ्यात शेवटी बाहेर येतात त्या पिल्लंवाल्या माद्या, त्यामुळे मे मध्ये हा धोका एप्रिलपेक्षा जास्त आहे, म्हणजे मी वर ज्या आठवड्यांचा सल्ला दिला त्याच आठवड्यांत. मग बघायचा वेळ पण तेवढाच वाढवा.

नर ओळखायचा तर डोकं रुंद आणि चौकोनी, कान डोक्याच्या मानाने छोटे आणि लांब लांब, मान जाड, चालताना पुढचा भाग जड. लहान अस्वलाचे कान मोठे दिसतात, पाय लांब दिसतात. रंगावर जाऊ नका, काळं अस्वल तपकिरी पण असतं. शंका राहिली तर घरी जा.

गोळी तुमच्याकडे बाजू करून उभ्या असलेल्या अस्वलावरच. केस लांब असल्यामुळे शरीर असतं त्यापेक्षा मोठं आणि खाली लोंबलेलं दिसतं, म्हणून छातीच्या खालच्या कडेवरून अंदाज घेऊ नका. जवळचा पुढचा पाय पुढे जाईपर्यंत थांबा, मग खांद्याच्या लगेच मागे, उंचीच्या मधोमध. चरबी आणि केस जखम बुजवतात, रक्ताचा माग हरणासारखा मिळत नाही, त्यामुळे अस्वल नेमकं कुठल्या खुंटाजवळ उभं होतं आणि कुठल्या बाजूला गेलं ते लक्षात ठेवा. जमिनीवर पडलं तरी दुसरी गोळी तयार ठेवा. संध्याकाळी उशिरा, दाट प्लॉटच्या तोंडाशी उभं असेल तर मी मारत नाही, अंधारात त्या फरच्या जाळीत जखमी अस्वल शोधायला कुणाला आवडेल.

नंतर

मे मध्ये ऊन असतं, कातडी जाड, लगेच काढायला घ्या आणि मांस थंड करा. ज्या अस्वलाने फक्त गवत आणि झाडाचा रस खाल्लाय त्याचं मांस चांगलं लागतं. शिजवताना आतलं तापमान १६० फॅरनहाइटपर्यंत गेलंच पाहिजे, म्हणजे ७१ सेल्सियस, कारण अस्वलात ट्रायकिनेला नावाचा जंत असतो आणि तो फ्रीझरमध्ये ठेवून मरेल याची खात्री नाही. स्मोक केलेलं मांस कच्चंच असतं बऱ्याचदा, ते कुणाला वाटू नका. पित्ताशय विकणं बेकायदा आहे, कुणी विचारलं तर नाही म्हणा.

कवटी दहा दिवसांच्या आत डिपार्टमेंटच्या ऑफिसला दाखवावी लागते, गोठवलेली चालत नाही, आणि तोंड काडी लावून उघडं ठेवा नाहीतर ते दात काढताना वैतागतात. त्या दातावरून वय कळतं. मादी असेल तर गर्भाशय वगैरे पण आणून द्यायला सांगतात. जाताना आधी फोन करा, ऑफिसात बायोलॉजिस्ट नेहमी असतोच असं नाही. आणि ऑनलाइन रिपोर्ट वेगळा भरायचा असतो, मारलं नाही तरी भरायचा.

मालकाला काय सांगाल? एक अस्वल गेलं म्हणून पील थांबलं असं होईलच असं नाही. रिकाम्या जागेत दुसरं येऊ शकतं, आणि शिकार हा त्यांच्या हातातला एकच उपाय नाही. खालच्या फांद्या छाटल्या की झाडातली साखर कमी होते आणि अस्वल तिकडे कमी जातं, थिनिंग किंवा खत कधी करायचं ते पुढे-मागे करता येतं, काही जण बेरी पिकेपर्यंत पेलेट्स देतात. हे त्यांना माहीत असतं, शिकवायला जाऊ नका. तुमच्याकडे जे आहे ते द्या, म्हणजे कुठल्या स्टँडला ताजी पील, किती झाडं, अंदाजे कुठल्या आठवड्यातली, मॅपवर ठिपके आणि बुंध्याचे दोन-चार फोटो, अस्वल मिळालं नसेल तरी. सीझन संपला की लगेच जून मध्ये पाठवा कारण तेव्हा पील चालूच असते आणि त्या माहितीवर त्यांना काहीतरी करता येतं, आणि फेब्रुवारीत पुढचा अर्ज भरायच्या आधी त्यांनाच विचारा की यंदा गेट कुठलं.